एर्मीच्या अंगणातली आडवी काठी

मित्रांनो, अंगणातल्या दोन खांबांवर आडवी ठेवलेली, अंगावर ओल्या चादरी घेतलेली मी तुम्हाला दिसले तर तुम्ही म्हणाल, ही तर कपडे वाळत घालायची काठी. म्हणा बापडे. हल्ली सगळे तेच म्हणतात. पण मी उंच उडीची आडवी काठी आहे, आणि आता जुनी झाले आहे. माझ्या कामाची गंमत अशी, की मला कुणी शिवले नाही तरच ते काम झाले म्हणायचे. माणूस धावत येतो, माझ्यावरून पलीकडे जातो आणि मी जागची हलत नाही, तो दिवस माझ्या मानाचा. मी खाली पडले की सगळ्यांची तोंडे उतरतात.

माझा जन्म फ्लोरेस बेटावरचा, इनेरी डोंगराच्या उतारावरच्या बांबूच्या बनातला. गावच्या शाळेत खेळ शिकवणारे तितुस गुरुजी एके दिवशी बनात आले आणि मुलगी पसंत करायला आल्यासारखे एकेका बांबूसमोर उभे राहिले. कुणाला नावे ठेवली, कुणाला पाहून मान हलवली. शेवटी मला कापले. सावलीत वाळवले, आणि जिथे मी जराशी तिरकी होते तिथे निखाऱ्यांवर शेकून सरळ केले. मग एक डोळा मिटून दुसरा माझ्या टोकाला लावला आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळले.

"एर्मी, ये बघ," ते म्हणाले. "हिच्यावर गोटी ठेवली तरी घरंगळायची नाही."

एर्मी म्हणजे एर्मेलिंडा. दिवसभर ती कॉफी वाळवायच्या मांडवांवर वाकून बिया निवडायची आणि उन्हे उतरली की आमच्या अंगणात खेळाडू व्हायची. तिचा खेळ एक नव्हता, सात होते. अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक, दोनशे मीटर, आणि दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक, आठशे मीटर. सगळ्यांची मिळून एकच स्पर्धा आणि सगळ्या गुणांची एकच बेरीज. एका खेळात जरी शून्य पडले, तरी बाकीच्या सहांत जीव ओतून ते भरून निघत नाही.

आमच्याकडे मैदान नव्हते. गोळा म्हणून नदीतला दगड होता. भाला माझ्याच बनातला, नात्याने माझा चुलतभाऊ. तो हवेतून जायचा आणि मी खांबांवर पडून असायचे, म्हणून मला त्याचा हेवा वाटायचा. उडी मारून पडायला कॉफीच्या टरफलांनी भरलेली पोती होती. दोन्ही खांबांवर गुरुजींनी टेपने मोजून रंगाच्या खुणा केल्या होत्या आणि प्रत्येक खुणेशी खुंटी अडकवायला खाच पाडली होती. खाली पिवळी खूण, तिच्या वर हिरवी, सगळ्यांत वर लाल. कुपांग शहरात प्रांताच्या संघाची निवड व्हायची, तिथे लाल खुणेइतकी उडी मारणाऱ्या मुली निवडल्या जातात, असे ते सांगायचे.

एर्मीला त्या संघात जायचे होते. त्या वर्षानंतर वयाची अट आडवी येणार होती, म्हणजे संधी ही एवढीच. बाप समुद्रापलीकडे सबाहला पामच्या मळ्यात कामाला गेला तो तिकडचाच झाला. घरात आई रोफिना आणि ती, दोघीच. रोफिना वरच्या रस्त्यावरच्या लॉजच्या चादरी धुवायची. संध्याकाळी ती हात पुसत ओट्यावर येऊन बसायची आणि लेकीची एकेक उडी बघायची. एर्मी माझ्यावरून गेली की म्हणायची, "गेली गं माझी चिमणी." आणि मी पडले की मला म्हणायची, "तुला काय धाड भरली?"

एर्मी पिवळ्या खुणेवरून सहज जायची. हिरवीवरून कधी जायची, कधी मला घेऊन पडायची. लाल खुणेवर मला ठेवले की ती नुसती बघून हसायची.

मग पावसाळा आला. आमच्या डोंगरावर त्या दिवसांत ऊन पाहुण्यासारखे येते, पाणी पिते आणि निघून जाते. वाऱ्याने रोफिनाची वाळवणाची दोरी तुटली. लॉजच्या चादरी तर रोजच्या रोज हव्यात. तिने मला खांबांवरून काढले, छपराखाली दोन टोकांना टांगले आणि माझ्यावर चादरी टाकल्या. ओली चादर किती जड असते हे धुणाऱ्या बाईलाच ठाऊक, आणि मला.

एर्मी कामावरून आली आणि हसायला लागली. "आई, माझ्या काठीला लॉजची नोकरी लावलीस होय?"

"मग? दिवसभर लोळतच असते ती. तुझ्या वेळेला तुझी तुला मिळाल्याशी कारण."

आणि तसेच व्हायचे. संध्याकाळ झाली की रोफिना चादरी काढायची, आपल्या नेसूच्या टोकाने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडी पुसायची आणि नेऊन खुंट्यांवर ठेवायची. मित्रांनो, इतक्या मायेने मला पूर्वी कुणी पुसले नव्हते. मी खूश होते. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, त्यामुळे माझे काय होते आहे ते मला कळलेच नाही.

पाऊस संपता संपता एर्मीची उडी वाढली. हिरव्या खुणेवरून ती रोज जायला लागली. मग एके संध्याकाळी गुरुजींनी खुंट्या लाल खुणेवर नेल्या. एर्मी धावत आली, उलटी वळली आणि माझ्यावरून पाठीने पलीकडे गेली. मी हलले नाही. पोत्यांतली टरफले खसखसली. गुरुजी खाली बसले. रोफिना ओट्यावरून उठली आणि मला हात लावून बघून गेली, मी खरेच जागेवर आहे ना म्हणून. त्या रात्री घरात कोंबडी शिजली.

कुपांगला जायच्या आदल्या दिवशी गुरुजी तिला समजावत होते.

"खालच्या उंचीवर उड्या वाया घालवू नकोस. सकाळी अडथळे झालेले असणार, पुढे गोळा आहे, दोनशे मीटर आहे. पायात जीव राहायला पाहिजे. सरळ हिरवीपासून सुरू कर."

"आणि हिरवी नाही जमली तर?"

"हिरवी तू झोपेत ओलांडतेस, पोरी."

मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! ऐमेरे बंदरातून बोटीने ती आणि गुरुजी गेले तेव्हा मी चादरी अंगावर घेऊन वाट बघत राहिले.

ती परत आली ती हसत नव्हती, रडतही नव्हती. आईला म्हणाली, "उंच उडीत शून्य आलं गं." बाकीचे तिने ओट्यावर बसून हळूहळू सांगितले. हिरव्या खुणेएवढ्या उंचीवर तिने तीन उड्या मारल्या आणि तिन्ही वेळा तिकडची काठी पाठीला लागून पडली. नियमाप्रमाणे तीनच संधी. तरी तिने स्पर्धा सोडली नाही. गोळा फेकला, धावली, दुसऱ्या दिवशी लांब उडी मारली, भाला तर आजवर कधी गेला नव्हता इतका लांब गेला. शेवटी बेरीज झाली तेव्हा संघात निवडल्या गेलेल्या शेवटच्या मुलीपेक्षा ती थोडीशीच मागे होती. पिवळ्या खुणेवरून एकदा जरी गेली असती, तरी पुष्कळ झाले असते.

"आठशे मीटर झालं की सगळ्याजणी हात धरून मैदानाला फेरी मारतात, आई. पहिली कोण, शेवटची कोण, ते तेव्हा कुणी बघत नाही."

"तुझा हात कुणी धरला?"

"दोन्हीकडून धरला होता."

रोफिना मान हलवत आत गेली, चुलीवर रताळी होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी एर्मी कामावर गेली नाही. आई लॉजवर गेल्यावर तिने मला लाल खुणेच्या खुंट्यांवर ठेवले. मी नेहमीसारखी जराशी गडगडले आणि पोट खाली करून स्थिर झाले. मग तिने एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत दोरा ताणून बांधला आणि ती लांब जाऊन उभी राहिली. किती वेळ उभी होती, देव जाणे. गुरुजी आले तेव्हाही ती तिथेच होती.

"तिथले पंच टेप मधोमध लावत होते ना, गुरुजी," ती म्हणाली. "काठी जिथे सगळ्यांत खाली असते तिथे. ते बघूनच मला शंका आली."

गुरुजींनी एक डोळा मिटला आणि दुसरा माझ्या टोकाला लावला. या खेपेला त्यांनी मला शेवटपर्यंत न्याहाळले नाही. मधेच थांबले.

"किती?" त्यांनी विचारले.

"चार बोटं."

"मी रोज इथंच उभा होतो गं. खुंट्या बघत होतो. हिच्याकडे बघितलंच नाही."

तेव्हा मला कळले, मित्रांनो. दोऱ्याच्या आणि माझ्या पाठीच्या मधे चार बोटे रिकामी जागा होती. एर्मीची उडी वाढली नव्हती. मीच तेवढी खाली आले होते. माझे काळीज असते तर ते त्या क्षणी फुटले असते, आणि बांबू फुटतो तसा त्याचा आवाज गावभर गेला असता.

एवढ्यात रोफिना ओल्या चादरींची टोपली डोक्यावर घेऊन फाटकातून आली. गुरुजींनी टोपलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांचे तोंड उघडले. एर्मीने दोरा ओढून तोडला आणि मुठीत घेतला.

"काय बघताय दोघं तिच्याकडे?" रोफिना म्हणाली. "तिनं काय केलं बिचारीनं?"

"काही नाही, आई. तिथे माझा पाय घसरला, तेच बोलत होतो आम्ही."

"घसरणारच. ते मैदान गुळगुळीत, तुला सवय नाही. इथं असती स्पर्धा तर सगळ्यांच्या वर गेली असतीस." टोपली उतरवता उतरवता ती गुरुजींकडे वळली. "मी काय आंधळी आहे? लाल खुणेवरून जाताना मी हिला माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

गुरुजी जमिनीकडे बघत राहिले.

"हो, आई," एर्मी म्हणाली. "तू बघितलंयस."

"आता लागणार आहे का ही आज? नाहीतर चादरी टाकते."

एर्मीने टोपलीतल्या पहिल्या चादरीचे एक टोक स्वतः धरले, दुसरे आईने. दोघींनी ती झटकली आणि माझ्यावर टाकली.

त्याला आता बरीच वर्षे झाली. पोती कुजली, माझा चुलतभाऊ भाला पेरूच्या झाडाला आधार देत उभा आहे. गुरुजी येतात तेव्हा कॉफी पितात आणि इकडची तिकडची बोलतात. रोफिना अजूनही चर्चहून येताना बायकांना लाल खुणेची गोष्ट सांगते, आणि त्या मान डोलावतात.

मित्रांनो, खरे तर मी तुम्हाला सांगायला हवे, की खेळाच्या वस्तूवर ओझे टाकू नका. पण ज्या हातांनी मला वाकवले, त्याच हातांनी मला रोज पुसले, आणि त्या हातांना मी बोल लावू शकत नाही. म्हणून एवढेच मागते. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी काठी असेल तर तिचे कौतुक कमी केले तरी चालेल, पण अधूनमधून एक डोळा मिटून तिला शेवटच्या टोकापर्यंत बघत जा. आणि मोजताना मधोमध मोजा.

चादरी वाळल्या की रोफिना आजही मला पुसते आणि सवयीने लाल खुणेच्या खुंट्यांवर ठेवून देते. "म्हातारी झालीस गं बाई," म्हणत मला उलटी करून बघते, आणि मी पुन्हा गडगडून पोट खाली करते. तिला हसू येते. मग एर्मी कामावरून येते. आई आत आहे असे पाहून ती माझ्यापाशी थांबते आणि माझ्या पाठीवर, बरोबर मधोमध, चार बोटे आडवी ठेवते. ती बोटांच्या वर बघते, जिथून ती कधीच गेली नाही.

"एर्मी, आलीस का गं?" आतून आई विचारते.

"आले, आई," ती म्हणते, आणि हात काढून घेते.