भोंगा झाला, जेवून घे

गुणाबाई वारली. बुधवारी दुपारी, कल्याणच्या दवाखान्यात, बाटलीतलं सलाईन अर्धं उरलेलं असताना.

हे वाक्य वाचलं असलंत तर विसरून जा. हितेशनंही तेच ठरवलं. त्याचं गणित सरळ होतं. विमानं बंद आहेत, म्हणजे कुणालाच कुठं जाता येत नाही. मग आय तेवढी कशी जाईल? तेव्हा गुणाबाई आहे. मुरबाडजवळच्या घरी पडवीत बसून वाल सोलते आहे, आणि तिचा मुलगा हितेश परदेशातून व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलतो आहे.

व्हिडिओ म्हणजे काय, तर कान. फोन कानालाच लावायचा असतो, यावर गुणाबाईची श्रद्धा होती. "आय, समोर धर, तोंड दिसू दे," असं हितेशनं पुष्कळदा सांगून पाहिलं. ती म्हणायची, "तोंड काय बघायचं, तेच हाय. ऐकू येतंय ना?" त्यामुळे आखातात गेल्यापासून आईचा चेहरा त्यानं फारसा पाहिलाच नव्हता. डावा कान मात्र पाठ होता. ओघळलेलं भोक, त्यातली कुडी, मागे पिकलेल्या केसांची एक बट. ती खुशीत असली की कान हलायचा. रागावली तरी हलायचा, पण वेगळा.

हितेश तिकडे उंच इमारतींचे एसी दुरुस्त करायचा. त्या देशाचं नाव सांगून उपयोग नाही. गुणाबाईला ते शेवटपर्यंत 'तिकडं' एवढंच ठाऊक होतं. त्या देशाचं कुणाशी भांडणही नव्हतं. भांडण होतं त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शेजाऱ्यांचं. आधी दोघं नुसते एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते, मग सीमेवर रणगाडे आणून उभे केले, मग वरून टाकाटाकी सुरू झाली. आणि टाकाटाकीचा रस्ता होता हितेशच्या डोक्यावरून. बांधावरून भांडायचं दोघांनी आणि तुडवायचं तिसऱ्याचं शेत, हा प्रकार गावाकडे त्यानं पाहिलेला होता. फक्त तिथं तुडवायला म्हशी असायच्या.

त्याच्या खोलीत सुदाम राहायचा. सुदाम खर्डीचा, म्हणजे शहापूर तालुक्यातला, म्हणजे हितेशचा शेजारी. आणि शेजाऱ्यांचे संबंध जगात सगळीकडे असतात तसेच या खोलीतही होते. खर्डीला रेल्वे स्टेशन आहे, मुरबाडला नाही. एवढ्या भांडवलावर सुदामनं दोन वर्षं काढली होती.

"हे कधी थांबणार रे?" हितेश विचारायचा.

"मुरबाडला गाडी आली की," सुदाम म्हणायचा.

पहिला सायरन झाला तेव्हा हितेश आईशीच बोलत होता. इमारतीवरचा कर्णा एकदम विव्हळायला लागला. वर चढला, खाली उतरला, पुन्हा वर चढला. सुदामनं हातातली कणीक परातीत टाकली आणि दाराकडे धाव घेतली. हितेश फोन धरून तसाच उभा. आता आईला काय सांगायचं?

त्याला काही सांगावंच लागलं नाही. पडद्यावरचा कान हलला. खुशीतला.

"भोंगा झाला वाटतं तुमचा," गुणाबाई म्हणाली. "सुटलास ना? जा, जेवून घे आधी."

हे असं का, ते सांगायला हवं. मुरबाडच्या एमआयडीसीत एक कंपनी होती आणि सावळाराम, म्हणजे हितेशचा बाप, तिथं हेल्पर होता. वारा तिकडून असला की कंपनीचा भोंगा घरापर्यंत ऐकू यायचा. दुपारचा भोंगा झाला की गुणाबाई तवा उतरवायची, आणि सायकलची घंटी दारात वाजेपर्यंत ताट वाढलेलं असायचं. पुढं कंपनी बंद पडली, भोंगा गेला, सावळाराम पडवीत येऊन बसला. पण भोंगा म्हणजे माणूस सुटला, आता जेवणार, एवढं गुणाबाईच्या डोक्यात बसलं ते बसलंच. भोंग्याला दुसराही अर्थ असतो हे तिला कळायचं काही कारण नव्हतं. मुरबाडवर आजवर कुणी काही टाकलेलं नाही. रेल्वेवाल्यांनी रूळसुद्धा नाही.

"हां आय," हितेश म्हणाला. "सुटलो."

"पन रडतो रे कसा तुमचा भोंगा. आमचा बरा, सरळ होता."

तळघरातल्या पार्किंगमध्ये शे-दीडशे माणसं भिंतीला टेकून बसली होती. वर कुठंतरी धडाधड आवाज झाले. दुसऱ्या दिवशी फोनवर असतानाच पुन्हा झाले, तेव्हा हितेशनं सांगून टाकलं, की इथं लग्नसराई आहे. गुणाबाईला आनंद झाला. एवढे फटाके उडवतात म्हणजे लोक खातेपिते असणार. पोरगा चांगल्या ठिकाणी पडला.

त्यानंतर तिचा नेमच झाला. भोंगा ऐकू आला की, "झाला भोंगा, जेवून घे." हितेश जिना उतरता उतरता म्हणायचा, "जेवतो." माणसं खाली पळत असायची आणि त्यांच्या मधोमध हा, आईला कालवणात काय आहे ते सांगत. सुदाम म्हणाला, "तुझ्या आयच्या हिशेबानं तू दिवसातून पाच वेळा जेवतोस. बारीक कसा होतोस मग?"

खरं सावळारामाला माहीत होतं. त्याच्या फोनवर दिपेश पुतण्यानं बातम्या लावून दिल्या होत्या. तो गोठ्यामागे जाऊन हळूच फोन करायचा.

"आकाश बंद केलंय म्हनतात तिकडं?"

"हां बाबा."

"आकाश कसं बंद होतं रे? शटर हाय का काय?"

"तसंच समजा."

"बरं. आयला नको बोलू. तिचं काळीज आधीच अर्ध्यावर चाललंय, डाक्टर बोलला. धक्का नको बोलला."

इथंच खरी गाठ पडली. कारण गुणाबाईची तब्येत उतरायला लागली आणि तिला मुलगा डोळ्यांसमोर हवा झाला. हितेशनं तिकीट काढलं, ते रद्द झालं. पुन्हा काढलं, पुन्हा रद्द. शेजारच्या देशातून वाळवंटातल्या रस्त्यानं निघावं म्हणून गाडी ठरवली, तर त्या शेजाऱ्यानंही शटर ओढलं. हे आईला सांगायचं म्हणजे युद्ध सांगायचं. युद्ध लपवायचं तर न यायला दुसरं कारण हवं. आणि आई आजारी असताना न यायला जी कारणं असतात, ती सगळी नालायक मुलाची असतात. हितेशनं त्यातल्या त्यात इभ्रतीचं निवडलं.

"काम वाढलंय आय. सायब सोडत नाय."

"सायबाला बोल, आय बोलावते."

"बोललो."

"मंग?"

"तरी नाय सोडत."

कान हलला. वेगळा.

"हितेश, मी काय येडी हाय? तुझा भोंगा मी ऐकते ना रोज. सकाळी होतो, दुपारी होतो, दिवा लावायच्या टायमाला होतो. दिसभर सुटतोसच तू. तुझ्या बापाला एक भोंगा होता, तरी तो रोज घरी आला." मग ती म्हणाली, "तिकडं बाई केलीस का?"

"नाय गो आय!"

"केली आसशील तर घेऊन ये. मी नाय काय बोलनार. पन ये."

यावर बोलण्यासारखं एकच वाक्य होतं आणि ते बोलायचं नव्हतं. हितेश म्हणाला, "बघतो." जगातल्या सगळ्या नालायक मुलांचा हा एक शब्द ठरलेला आहे. तो वापरताना त्याला कळलं, की त्यांच्यातल्या काहींच्या डोक्यावर तेव्हा काय काय उडत असेल, सांगता येत नाही.

मग बुधवारी जे झालेलं नाही, ते झालं.

दिपेशनं अग्नी दिला. हितेशनं तो फोनवर पाहिला, पण रेंज जात होती, त्यामुळे चिता थोडी पेटायची आणि थिजायची. थिजली की त्याला बरं वाटायचं. सुदामनं दाढीच्या मशिनीनं त्याचं डोकं भादरलं. मशीन मधेच चार्जिंगला लावावी लागली. "तुझ्या डोक्यावर मुरबाड तालुक्याचा नकाशा झालाय," सुदाम म्हणाला, आणि त्यातही रेल्वे नाही, हे त्याच्या ओठांवर आलेलं त्यानं गिळलं. सुदामनं त्या सबंध युद्धात केलेला हा सगळ्यात मोठा त्याग.

दहाव्याला काळू नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळाही आला. पण तो वरच्या उंबरावर बसून राहिला, खाली उतरेना. जिवाची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही; मग जिवंत माणसांनी कबुल्या द्यायच्या, की तुझं अमुक करू, तमुक करू. सगळे हात जोडून उभे राहिले. दिपेशनं फोन वर धरला होता. हितेशला अर्धा पिंड आणि अर्धा दिपेशचा अंगठा दिसत होता.

"काकी, गाय नीट सांभाळू," दिपेश म्हणाला. कावळ्यानं मान फिरवली.

हितेशची आत्या चंद्रकला पुढे झाली. "वयनी, तुझी लुगडी बाहेर कुनाला देनार नाय. मीच नेसन." कावळा एक फांदी वर गेला.

"म्हशाच्या जत्रेतलं घोंगडं राहिलंय गो तुझं," सावळाराम म्हणाला. "आनतो. घासाघीस करनार नाय." कावळ्यानं खाली पाहिलं, पण एवढंच. नवऱ्याचा अनुभव असलेली बाई पाहते तसं.

ऊन चढलं. माणसं कुजबुजायला लागली. मग सावळारामच म्हणाला, "आपल्यावर नाय रुसली ती. फोन पुढं घे. हितेश, बोल बाबा तूच. आता काळजाला धक्का बसायचा नाय तिच्या."

दिपेशनं फोन पिंडाजवळ दगडाला टेकवून ठेवला. हितेशला आता आकाश दिसत होतं. ते उघडं होतं.

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. बाई नाही केली. सायब वाईट नाही. सायब स्वतःच तळघरात बसून रडतो. मी निघालो होतो. तो भोंगा सुटल्याचा नव्हता.

"आय," तो म्हणाला. "कामाचं मी खोटं बोललो. मी येनार होतो. तो भोंगा व्हायचा ना, तो..."

आणि तो झाला. इमारतीवरचा कर्णा विव्हळायला लागला, फोनमधून काळूच्या काठी पोचला, पाण्यावरून पलीकडे गेला. बाया दचकल्या. भटजी मागे सरकला. आणि उंबरावरून कावळा सरळ खाली आला, कुणाकडेही न बघता पिंडाशी बसला आणि चोच मारून मोठा घास घेऊन उडाला.

"शिवला! शिवला!" आत्या ओरडली.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सावळाराम खाली बसला. रडत होता की हसत होता, ते फोनमधून दिसत नव्हतं. फक्त आवाज आला. "भोंगा झाला ना. आता पोरगा जेवल, बोलली आसल."

"बाबा, थांबा. माझं बोलनं राहिलंय."

पण सुदामनं त्याची कॉलर धरली होती. "चल खाली!"

"माझं वाक्य राहिलंय रे!"

"खाली चल, तिथं पुरं कर!"

खाली रेंज नव्हती. कधीच नसायची.

हितेश भिंतीला टेकून बसला. वर लग्नसराई चालली होती. सुदामनं खिशातून कालची अर्धी चपाती काढली आणि त्याच्या हातात ठेवली. भोंगा झाला होता, आणि आता जेवलं नाही तर कावळ्याला फसवल्यासारखं होणार होतं. हितेशनं ती खाल्ली.

मग त्यानं फोन काढला. अडकलेल्या नागरिकांच्या मदतीसाठी सरकारनं एक ईमेलचा पत्ता दिला होता. आपली अडचण थोडक्यात कळवावी, असं तिथं लिहिलं होतं. हितेशला मुरबाडच्या शाळेत अर्जलेखनात चांगले मार्क असायचे. रेंज आली की जाईल, असं म्हणून त्यानं लिहायला घेतलं.

प्रति,
माननीय संबंधित अधिकारी,

विषय : आईचे निधन पुढे ढकलण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, अर्जदाराच्या आईचे निधन हवाई वाहतूक बंद असताना झाले असून ते अर्जदारास सोयीचे पडलेले नाही. तरी सदर निधन हवाई वाहतूक सुरळीत होईपर्यंत स्थगित ठेवण्यात यावे. सदर बाबतीत कावळ्याने घेतलेला घास भोंग्याच्या गैरसमजातून घेतला असल्याने तो ग्राह्य धरू नये. संपूर्ण स्थगिती नियमात बसत नसल्यास, अर्जदाराचे एक वाक्य अपूर्ण राहिले आहे, ते पूर्ण करण्यापुरता आईचा एक कान उपलब्ध करून द्यावा. चेहऱ्याची आवश्यकता नाही. डावा कान चालेल. ही नम्र विनंती.