पंचवीस जागांचा कप्पा

मी एक जुना कप्पा आहे. लाकडाचा नव्हे, संगणकाच्या स्मृतीतला. माझ्यात पंचवीस जागा होत्या. पाचूबंदरच्या मच्छीमार सोसायटीत एकशे बारा होड्या होत्या, आणि मासळी लिलावाचं ॲप प्रत्येक होडीचा माल वेगळ्या प्रश्नानं विचारत होतं.

मित्रांनो, माझं काम साधं आहे. माहितीच्या कोठाराकडे प्रश्न आला, की ते तो वाचतं, अर्थ लावतं, शोधायची वाट ठरवतं. ही तयारी मी जपून ठेवतो. तोच प्रश्न पुन्हा आला, की तयारी लगेच हाती देतो. पाटी एकदाच विणायची, मासळी रोज नवी भरायची.

ॲप नेत्रा या तरुण प्रोग्रामरनं बांधलं. सोसायटीच्या सिप्रियनकाकांनी तिला बजावलं होतं, "आमच्यात होडीला नावानं विचारतात. नुसती 'होडी' म्हणजे बेवारशी." म्हणून तिनं प्रत्येक प्रश्नातच होडीचं नाव कोरलं. सव्विसावा प्रश्न आला, की माझ्यातला पहिला बाहेर पडे. पुन्हा पहिल्या होडीची पाळी येई, तेव्हा तिची तयारी केव्हाच गेलेली असे. मी असून नसल्यासारखा झालो.

धक्क्यावर मासळी विकणारी ग्लोरियामावशी नेत्रासमोर फोन नाचवत म्हणाली, "बर्फाचं पानी झालं, नि तुझं चाक फिरतंच हाय."

"मावशी, थोडं थांबा ना."

"मी थांबंन गं. बोंबील थांबंल का?"

व्यापारी दुसऱ्या बंदराकडे वळू लागले. काका म्हणाले, "नेत्रा, शनिवारी शेवटचं बघतो. नाहीतर आपला ओरडून लिलाव बरा."

नेत्रानं माझ्या जागा एकशे वीस केल्या. पण कोठाराशी ॲपच्या अनेक जोडण्या असतात, आणि प्रत्येकीला माझी वेगळी प्रत लागते. स्मृती भरली आणि यंत्रच बंद पडलं. मग तिनं माझी नोंद तपासली: किती वेळा जुनी तयारी कामी आली? एकदाही नाही. तिनं सगळे प्रश्न एकाखाली एक मांडले: होडीचं नाव सोडलं, तर सगळे सारखेच. नंतर तिनं जागा पुन्हा पंचवीस केल्या आणि प्रश्नातलं नाव काढून तिथे रिकामी जागा सोडली. आता नाव विचारताना भरायचं.

"म्हणजे होडीचं नाव गेलं?" काकांनी विचारलं.

"पडद्यावर पहिलं तेच आहे, काका."

"मग चालंल."

एकशे बारा प्रश्नांचा एक प्रश्न झाला, आणि तो मी छातीशी धरून बसलो. मित्रांनो, आमच्यासारख्यांना नुसतं मोठं करू नका. आमच्यात काय ठेवता ते एकदा बघा.

आधी सगळ्या होड्यांचा माल पडद्यावर यायला नऊ सेकंद लागत. शनिवारी एक लागला.