हातात दिलेली सुरी

सुरी कुणाच्या हातात देऊ नये. भुईवर ठेवावी, घेणाऱ्याने उचलून घ्यावी, नाही तर दोघांत वैर लागतं. जामच्या चौफुलीवर पंचफुला लोहारणीने विकलेली प्रत्येक सुरी आधी भुईला टेकली होती. दिराशी मात्र तिचं वैर सुरीवाचूनच लागलं होतं.

नवरा पुनाजी वारला. तेरवी आटोपते न आटोपते तोच त्याचा धाकटा भाऊ गोमाजी भट्टी बळकावायला रोहण्याहून हजर झाला. रडायला आला असता तर पंचफुलेने भाकर तरी वाढली असती.

"बाईनं भाता ओढावा, घन मारावा," तो चारचौघांत म्हणाला. "ऐरणीपाशी बसाचा मान गड्याचा. वैनी, तू बाजूले हो."

"इतकी वर्सं घन मारून माये खांदे गेले, तवा कुठी होते तुमी?" पंचफुला कडाडली. "आता ऐरण दिसली तं भाऊ आठवला!"

भट्टी बबनरावांच्या लाकूड कापायच्या आरा मशीनला लागून, त्यांच्याच जागेत होती. मशीनची मोडकी पाती पुनाजीला मिळत आणि तो त्यांच्या सुऱ्या घडवी. भट्टी गेली असती तर पंचफुलेला लोकांच्या वावरात निंदायला जावं लागलं असतं, आणि ते ती मेली तरी करणार नव्हती. बबनरावांना रोजच्या या तंट्याचा वीट आला. त्यांनी एका पात्याचे दोन तुकडे केले आणि दोघांपुढे टाकले. ज्याची सुरी बाभूळ तोडूनही शाबूत राहील, भट्टी त्याची.

आऱ्याचं पोलाद बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेसारखं सोशिक नसतं. लाल करून पाण्यात विझवलं की तडकतं. पुनाजीच्या कितीतरी सुऱ्या तशा वाया गेल्या, तेव्हा जवसाच्या तेलात विझवायचं पंचफुलेनेच काढलं होतं. गोमाजी त्यावर फिदीफिदी हसला. लोहाराची भट्टी हाये का भज्याची कढई, म्हणाला. पण हसणाऱ्याच्याही पोटात शंका असतेच.

ठरल्या दिवशी सकाळी पंचफुलेने तेलाचा डबा उघडला आणि ती थबकली. काल अर्ध्यावर असलेलं तेल आज काठाशी आलं होतं. तेलाला काही पिलं होत नाहीत. मेल्याने पाणी ओतलं होतं; पाणी तळाला बसलं, तेल वर आलं. एरवी तिने शिव्यांनी चौफुली डोक्यावर घेतली असती. आज मात्र तानबा तेल्याकडून तिने मडकंभर नवं तेल आणलं, भात्यामागे लपवलं, आणि डबा होता तिथेच राहू दिला.

दुपारपर्यंत दोन्ही सुऱ्या घडून झाल्या. बघ्यांची गर्दी झाली. गोमाजीची सुरी भट्टीत लाल झाली तशी त्याने आपली पाण्याची बादली ओढली. पंचफुलेने तेलाचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"मान गड्याचा ना, भाऊजी? मंग पयले तुमी. तेल मायंच घ्या."

"मले नाई पायजे तुयं तेल."

"काऊन?" बबनराव पुढे झाले. "पुनाजी तेलातच विझवत होता. दोघंही एकाच तेलात विझवा, मंग कोनी रडाचं नाई. का तेलात काई हाये?"

गोमाजीचं तोंड उतरलं. खरं बोलला असता तर अब्रू जाती, पण हात वाचता. पंचफुला त्याच्याकडे टक लावून पाहत होती. तिला दया आली नाही.

"काई नाई," तो म्हणाला, आणि त्याने सुरी डब्यात खुपसली.

डबा खवळला. तळचं पाणी उसळलं आणि उकळतं तेल गोमाजीच्या मनगटावर उडालं. तो बोंबलत मागे कोसळला. बबनरावांनी सांडशीने सुरी बाहेर काढली. ती टोकापासून मुठीपर्यंत तडकली होती.

पंचफुलेने लाथेने डबा कलंडला. आधी तेल वाहिलं, मग पाणीच पाणी. लोकांना समजायचं ते समजलं. मग तिने भात्यामागचं मडकं काढलं आणि आपली सुरी लाल करून त्यात विझवली. विटेने घासली, ठिसूळपणा जावा म्हणून पिवळसर रंग चढेपर्यंत निखाऱ्यावर शेकली. निवल्यावर बाभळीच्या फांदीवर सपासप घाव घातले. फांदी तुटली, धार जशीच्या तशी होती.

"भट्टी हिचीच," बबनराव म्हणाले.

"तुले मालूम होतं," गोमाजी हात पोटाशी धरून कण्हला. "हात जाळला माया. तुले मालूम होतं, वैनी."

"होतं."

ती सुरी घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. ती आता सुरी खाली ठेवेल म्हणून तो भुईकडे पाहत होता. तिने त्याचा धड हात ओढला आणि सुरीची मूठ त्याच्या तळव्यात दाबली.

"खाली ठेव वं बाई, खाली!" गर्दीतून शकुबाई ओरडली. "वैर लागते!"

"समजूनच देऊन राह्यली," पंचफुला म्हणाली, आणि जाऊन ऐरणीपाशी बसली.