न चढलेला जिना

धोंड्याचा महिना. विश्रांतवाडीच्या पुढच्या, नुकत्याच शहरात आलेल्या गावात संपतरावांकडे जावई जेवायला आले होते. जावई योगेश महापालिकेत इमारत निरीक्षक. ज्या पाच मजली इमारतीच्या तळमजल्यावर ताट वाढलं होतं, तीच त्याला तपासायची होती. एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही सासऱ्यांचे!

गावची शेतं गेली नि आयटी आली. इमारतीला अजून परवाना नव्हता, तरी वरच्या खोल्यांतून कंपन्यांतली पोरंपोरी भाड्यानं राहू लागली होती.

सासूबाई सरुबाईंनी जावयाचे पाय धुतले, आग्रह करकरून धोंडे वाढले. हात धुऊन योगेश म्हणाला, "मामा, मागचा जिना तेवढा बघून येतो."

"आता भरल्या पोटी जिनं चढताय व्हय?" संपतराव हसले. "पाव्हणं, जावयानं सासरची खोट काढायची नसती. जिना हाय तिथंच हाय."

गोड झालेल्या तोंडानं पुन्हा विचारणं योगेशला जड गेलं. दोन्ही जिने खुले असल्याचं लिहून त्यानं सही ठोकली. लाज वाटली, नाही असं नाही. पण बायकोच्या माहेरचा मान त्याला लाजेहून मोठा वाटला.

मागचा जिना वरून येऊन तळमजल्यावर भिंतीशीच संपत होता. दाराच्या जागी ती भिंत घालून संपतरावांनी पुढची जागा मोबाइलच्या दुकानाला दिली होती.

दिवाळीच्या तोंडावर, भरदुपारी पुढच्या जिन्याखाली मीटरनं पेट घेतला. तिथंच लावलेल्या गाड्या भडकल्या. वर रात्रपाळीच्या पोरी झोपल्या होत्या. त्यांतल्या नम्रतानं गॅलरीतून शेजारच्या गच्चीवर उडी टाकली आणि पाय मोडून का होईना, वाचली. तिच्या खोलीत आठवड्यापूर्वीच राहायला आलेली यवतमाळची अपेक्षा मागच्या जिन्यानं धावत खाली आली.

अग्निशमनवाल्यांनी दुकानातून भिंत फोडली. अपेक्षा भिंतीलाच टेकून होती. धुरानं गुदमरून कधीच गेलेली.

योगेश पोचला तेव्हा तिला चादरीत गुंडाळून नेत होते. त्याची मान वर होईना. सरुबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "पोरींनी शेगडी पेटती ठिवली म्हना, जावईबापू. घरची अब्रू तुमच्या हातात हाय."

तेवढ्यात हवालदारानं विचारलं, "बिल्डिंग पास कुणी केली?"

संपतराव गर्दीत मागं सरकले.

"मी," योगेश म्हणाला. "जिना न बघता."

हवालदारानं आवाज खाली आणला. "साहेब, घरचं प्रकरण आहे. जरा सांभाळून बोला."

"घरचंच सांभाळत बसलो, म्हणून ती पोर गेली. लिहा तुम्ही."

सरुबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. अपेक्षाचे वडील यवतमाळहून निघाले होते. ते आले की त्यांनाही हेच सांगायचं, असं योगेशनं ठरवलं. कुठल्या तोंडानं, ते मात्र त्याला सुचेना.