न सापडल्याची खूण

फाल्गुनाचं पिवळं ऊन केंदूरच्या आमच्या पडवीत उतरलं होतं, काढणीच्या कांद्याचा उग्र दरवळ घरभर होता आणि माझी धाकटी बहीण सुमन खालचा ओठ दातांत धरून लॅपटॉपवर वाकली होती. लहानपणी गणित सुटेना की हीच मुद्रा. पोर पहिल्यापासून हट्टी!

आकाशगंगांच्या अतिदूर समूहांना कुठल्याशा अदृश्य द्रव्यानं बांधून ठेवलं आहे. त्याचे कण परस्परांना भिडून विरत असतील, तर रेडिओलहरींची अतिक्षीण आभा उमटावी. रेडिओ दुर्बिणीवर त्या आभेच्या शोधात सुमनची पाच वर्षं गेली होती आणि यंदा एका समूहाभोवती ती दिसली होती. सुमनचा पीएच.डी.चा प्रबंध त्या आभेवरच उभा राहायचा होता. घरी पेढे आले. मी शिकवतो त्या तळेगावच्या शाळेत मीही कॉलर ताठ करून फिरलो.

सुमनचं समाधान मात्र होईना. त्या दुपारी तिनं दिवसा घेतलेल्या निरीक्षणांचे वार कागदावर उतरवले. तीन दिवस आभा, चार दिवस काहीच नाही, पुन्हा तीन दिवस. ती थबकली. दुर्बिणीच्या परिसरात शेतीला दिवसा वीज मिळते, ते हेच तीन वार. वीज येताच विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू होतात, जुन्या तारांवर ठिणग्या उडतात आणि त्यांचा गोंगाट दुर्बिणीत शिरतो. शेतकऱ्याच्या लेकीला हे कुणी सांगावं लागत नाही. तिनं ते दिवस वगळले आणि आभा विझली.

मला भडभडून आलं. "सुमे, कुनाला कळनार हाय?"

"मला कळलंय न्हवं, दादा."

तरुणपणी मेंढरं राखलेले आमचे वडील, आप्पा, दारातून ऐकत होते. "मंग, घावलं न्हाई म्हनायचं?"

"न्हाई आप्पा. पन तिथं न्हाई, एवढं पक्कं सांगता येतंय."

"मेंढरू हरवलं की आमी एकेक घळ धुंडायचो. धुंडून झालेल्या घळीच्या तोंडाशी दगडावर दगुड ठिवायचो, मागनं येनाऱ्यानं तिथं पाय झिजवू न्हाईत म्हनून. तू बी ठिव, आन् म्होरं चल."

सुमननं डोळे पुसले आणि न सापडल्याचाच प्रबंध लिहायला घेतला. आता ती दुसऱ्या समूहाकडे वळली आहे.

आप्पा वैशाखात गेले. त्यांची हरवलेली मेंढरं शेवटी सापडायची का, हे विचारायचं आम्हा दोघांकडूनही राहूनच गेलं. रिकाम्या पडवीत त्यांचा आवाज शोधताना वाटतं, काळ माणूस नेतो, पण शोधायचं कसं, ते मात्र त्याला नेता येत नाही.