बाविसावा

लिफ्ट दुरुस्त करण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले बाबा लेकीला भेटायला त्या जुन्या विद्यापीठाच्या शहरात आले, त्याला तीन दिवस झाले. लेकीची भेट एकूण अकरा मिनिटं झाली होती, तीही स्टेशनवर. "बाबा, मला श्वास घ्यायला फुरसत नाही हो. मैत्रिणी सोडतच नाहीत!" उद्या सकाळी परतीची गाडी. पोर सुखात आहे, एवढंच घरी जाऊन तिच्या आईला सांगायचं होतं. पण अकरा मिनिटांच्या जोरावर सांगणार काय?

सकाळी ते घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभे होते. एवढा उंच मनोरा आणि लिफ्ट नाही, याचं त्यांना दुःख होत होतं. तेवढ्यात एका गाइडबाईंनी हिरव्या छत्रीचं टोक त्यांच्यावर रोखलं. "वीस, एकवीस... बावीस! आलात एकदाचे!" आणि पिवळी टोपी त्यांच्या डोक्यावर बसली.

"अहो, मी—"

"उशीर झालाय, आधी बसमध्ये बसा."

बाबा बसले. तीन दिवसांत त्यांना कुणी मोजलं नव्हतं.

शहर संपलं, कुरणं लागली. दगडी पूल, जुनी पाणचक्की, आणि एकेकाकडे निरखून बघणाऱ्या मेंढ्या. त्याही बहुधा मोजत होत्या. नदीकाठी जेवणाची पाकिटं वाटली. बाविसाव्या पाकिटावर 'साखर वर्ज्य' लिहिलं होतं. शेजारच्या आजोबांनी बर्फी पुढे केली, तेव्हा बाबा गंभीरपणे म्हणाले, "मला चालत नाही." खऱ्या बाविसाव्याची कुणी चौकशीसुद्धा केली नाही. बाबांना त्याचं फार वाईट वाटलं. मग हळूहळू स्वतःचंही वाटायला लागलं.

चार वाजता बस परतली. गाइडबाईंनी सगळ्यांना एका कॉलेजच्या चौकात नेलं. "इथली शांतता आठशे वर्षांची आहे!" त्या ओरडून म्हणाल्या.

समोरच्या बाकावर लेक होती. एकटीच. मांडीवर डबा, कानाला फोन, आणि जोरजोरात हसणं. "अगं, आज नाही जमणार! बाबा आलेत ना माझे!"

बाबांचा जीव भांड्यात पडला. मैत्रीण आहे तर खरी. आपण इथेच आहोत हे सांगावं म्हणून त्यांनी तिचा नंबर लावला. लाइन बिझी लागेल, अशी त्यांची खात्री होती.

लेकीच्या कानाला लावलेला फोन खणखणीत वाजला.

ती दचकली. पलीकडच्या बाकावरची दोन पोरं वळून बघायला लागली. लाल होत तिनं फोन उचलला. "बाबा! अहो, इथे इतका गोंधळ आहे, सगळ्या जमल्यात..."

"किती जणी?"

"पाच-सहा."

"मग आणखी बावीस चालतील का?"

लेकीनं मान वर केली. पिवळ्या टोप्यांच्या घोळक्यातली एक टोपी तिच्याकडे बघून हात हलवत होती. ती उठली, धावत आली आणि टोपीसकट बाबांना बिलगली.

हिरवी छत्री फिरत फिरत तिथे पोचली. "एकवीस, बावीस... तेवीस? या कोण?"

"माझी मुलगी."

"यादीत नाहीत या."

"मीही नाही," बाबा म्हणाले.

गाइडबाई यादी उलटीपालटी करत राहिल्या. लेक बाबांच्या खांद्यात तोंड लपवून पुटपुटली, "आईला नका ना सांगू."

"बरं," बाबा म्हणाले. उद्याची गाडी चुकवायला हवी होती. आयुष्यात त्यांची एकही गाडी चुकली नव्हती, त्यामुळे ती कशी चुकवतात याची त्यांना कल्पना नव्हती. खऱ्या बाविसाव्याला नक्की माहीत असणार.