परशूच्या मांडीतला पू

मयूरीला पुवाची भारी किळस. रामनगरच्या त्यांच्या किराणा दुकानात गुळाच्या ढेपेखाली पाझर दिसला तरी ती नाकाला ओढणी लावून मागच्या दारानं बाहेर पडायची. एम.एस्सी. झाल्यावर तिला बेळगावच्या एका संशोधन प्रकल्पात नोकरी लागली, तेव्हा तिचा भाऊ हसून म्हणाला, "तू आणि गळवं? आठ दिवसांत पळून येशील."

काम गळवांचंच होतं. अंगात काटा रुतला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडं धाव घेतात. जंतूंना गिळतात, गिळता गिळता स्वतः मरतात, आणि त्यांची मढी साचून पू होतो. जागा लाल होते, तापते, सुजते ती याच धांदलीनं. या पेशी किती झपाट्यानं येतात, मरण्याआधी काय करतात, काही परत रक्तात फिरतात का, हे प्रकल्पाला शोधायचं होतं. उंदरांवरून माणसाचं सगळं कळत नाही, म्हणून माणसं हवी होती. जोयडा तालुक्याच्या रानात बांबू आणि काटे रोजचेच. तिथल्या बाजारकुणंग गावात पंचायतीच्या एका खोलीत सूक्ष्मदर्शक, बर्फाची पेटी आणि एक खाट मांडली गेली.

नियम साधा होता. गळवातून सुईनं एकदाच थोडं काढायचं, दंडातलं थोडं रक्त घ्यायचं, आणि त्याच दिवशी माणसाला जोयड्याच्या दवाखान्यात पोचवायचं. घरोघर फिरून, अंगणात बसून मयूरीनंच हे सगळ्यांना सांगितलं होतं.

प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर शिवानंद. मऊ आवाजाचे, कधी न चिडणारे. खेड्यातल्या म्हाताऱ्यालाही 'बसा, पाणी घ्या' म्हणणारे. मयूरीला त्यांचा आदर वाटायचा.

परशू आला तो लंगडतच. बांबू तोडताना मांडीत कामटी घुसली होती. वरचा तुकडा त्यानं उपटून टाकला, पण आतला राहिला. लिंबाएवढी सूज, भोवती लालभडक.

"थोडं पाणी काढू का मामा?" मयूरीनं विचारलं.

"काढ की बाय. आमच्या अंगात आणि काय हाय? पू तर पू."

डॉक्टरांनी गळू निरखून बघितलं. "किती ताजं आहे! असं मिळतच नाही," ते म्हणाले. नमुना झाल्यावर त्यांनी परशूच्या हातात गोळ्यांची पट्टी ठेवली. "सकाळ-संध्याकाळ घ्या. उद्या परत या, परशूराव."

"सर, जोयड्याला न्यायचं ना?" मयूरीनं विचारलं.

"औषध सुरू केलंय. मी बघतो."

डॉक्टरच म्हणताहेत म्हटल्यावर तिनं नमुना बर्फाच्या पेटीत ठेवला.

परशू रोज येऊ लागला. डॉक्टर त्याला खुर्ची देत, चहा देत, बिस्किटं देत. गावात त्याचं बोलणं सुरू झालं, "माझ्या पुवाला बेळगावात मागणी हाय." त्याची बायको फुला डोक्याला हात लावायची, पण तिलाही थोडं बरं वाटायचं.

एकदाचा नियम मागं पडून रोज नमुना निघू लागला, आणि सुई धरायचं काम मयूरीचं. पहिल्या दिवशी आलं ते ताकाच्या निवळीसारखं पातळ होतं. मग दाट होत गेलं, पिवळं, पुढं हिरवट. सुईत ओढताना ते अडकायचं, आणि अडकलं की आतून कुजका, गोडसर वास यायचा. तो हातमोज्यातून बोटांना लागतो असं तिला वाटायचं. तीन-तीनदा साबण लावूनही दुपारचा भात तिच्या घशाखाली उतरेना.

मग एका सकाळी परशूच्या जागी फुला आली. पदरात गोळ्यांची रिकामी पट्टी.

"बाय, ही गोळी बदलून दे. घेतली की ताप उतरतो, जरा वेळानं परत चढतो. आज त्यांना उठवत न्हाई. जांगेत गाठ आली हाय."

मयूरीनं पट्टी उलटी करून वाचली. ताप आणि दुखणं उतरवायची साधी गोळी. जंतू मारायचं औषध नव्हतंच. इतके दिवस परशूला फक्त दुखू दिलं नव्हतं, म्हणून तो हसत हसत येत होता.

ती आत गेली. डॉक्टर पडद्यावर कालचं चित्रण बघत होते. एका हातात चहा, दुसऱ्या हातात बिस्किट.

"ये, आधी हे बघ."

पडद्यावर परशूच्या पेशी सरपटत होत्या. काही फुटत होत्या आणि फुटताना स्वतःच्या पोटातले धागे जाळ्यासारखे बाहेर टाकत होत्या. त्या जाळ्यात जंतू अडकत होते. विलक्षण होतं ते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती बघत राहिली असती.

"सर, तुम्ही त्यांना औषध दिलंच नाही."

"औषध दिलं की चित्र बदलतं, तुला माहीत आहे. उद्याचा एक नमुना मिळू दे. मग पाठवू."

"जांगेत गाठ आलीय त्यांच्या. जंतू पसरताहेत."

डॉक्टर वळले. त्यांचे डोळे चमकले. "आली? कधी? काल नव्हती ना?" आणि हातातलं बिस्किट कपात उभं करून त्यांनी पेन उचललं.

त्यांचं भिजलेलं बिस्किट चहात गळून पडलं. त्यांनी बोट घालून तो लगदा काढला, चाटला, आणि मऊ आवाजात म्हणाले, "मयूरी, इथले लोक गळू महिनामहिना अंगावर काढतात. आपण निदान दुखणं तरी कमी केलं."

पुवाची कधी आली नव्हती इतकी किळस मयूरीला आली. तिला वाटलं, या माणसाचा श्वास असलेली हवा आपण आत घेऊ नये.

बाहेर जीप उभी होती. ड्रायव्हर वासू टायरजवळ बसला होता.

"वासू, गाडी काढ. परशूमामांना जोयड्याला न्यायचंय."

"सर बोलले काय?"

"मी बोलतेय."

वासूनं खिडकीतून आत बघितलं, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि चावी फिरवली.

परशूला घोंगडीत घालून मागच्या सीटवर आडवा केला. अंग भाजत होतं. मांडी फुगून चकचकीत झाली होती. बंद जीपमध्ये वास दाटला. मयूरीनं नाक दाबलं नाही. रस्त्यातच तिनं सगळं सांगून टाकलं: गोळी कसली होती, औषध का दिलं नव्हतं.

परशूला समजायला वेळ लागला. "म्हणजे मी रोज पू द्यायला येत हुतो, आणि तो वाढायची ते वाट बघत हुते?"

"व्हय मामा."

फुलानं काच खाली केली आणि बाहेर थुंकली. "कोंबडं पाळल्यागत पाळलं माझ्या घोवाला! चहा पाजून, बिस्किटं चारून!" मग ती मयूरीकडं वळली. "आणि सुई तू टोचत हुतीस."



दवाखान्यात डॉक्टर भाग्यलक्ष्मी होत्या. मांडी बघून त्या ओरडल्या, "इतके दिवस होता कुठं?"

"आमच्याकडे येत होते," मयूरी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि काही न विचारता तिच्या हातात थाळी दिली. "धर. नर्स बाळंतपणात अडकलीय."

सुरीचं पातं टेकताच पू भसकन उसळला. थाळीत, मयूरीच्या मनगटावर, जमिनीवर. हिरवा, रक्ताळलेला, थांबायचं नाव घेईना. डॉक्टर बोट घालून आतले कप्पे फोडत होत्या. शेवटी काळी पडलेली कामटी बाहेर आली. परशू ओरडून ओरडून थकला होता. फुला त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, पदरानं त्याचा घाम पुसत.

सगळं झाल्यावर मयूरी मागच्या नळाशी जाऊन भडाभडा ओकली. तेवढ्यात फोन वाजला.

"कापलं का?" डॉक्टर शिवानंद. "नसेल तर एक नलिका भरून घे आधी. बर्फ आहे ना जीपमध्ये?"

तिनं फोन बंद केला आणि पुन्हा ओकली. आता नुसतं कडू पाणी येत होतं.

मयूरीच्या तक्रारीवरून बेळगावला चौकशी समिती बसली. डॉक्टर शिवानंद तिथंही शांत होते. "मुलगी हुशार आहे," ते म्हणाले, "पण तिला पू सहन होत नाही."

समितीतले एकजण हसले.

"नाही होत," मयूरी म्हणाली. "गाठ आली म्हटल्यावर सरांना आनंद झाला. तोही मला सहन झाला नाही."

जोयड्यातलं काम बंद झालं. शिवानंदांना प्रकल्पातून काढलं, पण विभागातून नाही. त्यांच्या दारावरची पाटी तशीच राहिली. परशूचे पहिल्या दिवसानंतरचे सगळे नमुने नष्ट करायचे ठरले. ते मयूरीनंच केले. नलिकांत जंतुनाशक ओतलं, त्या उकळत्या वाफेच्या यंत्रात ठेवल्या. खोलीत वास भरला. मग तिनं नोकरी सोडली.

सुगीनंतर ती बाजारकुणंगला गेली. परशू अंगणात सूप विणत बसला होता. मांडीत मूठ मावेल असा खड्डा पडला होता आणि तो पाय ओढत चालायचा.

"बाय, माझ्या त्या पेशींचं काय झालं गं?"

"टाकून दिल्या मामा."

"अरेरे," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं. "एक फोटो तरी ठेवायचास."

फुलानं चहा आणून दिला. मयूरीनं कप रिकामा करीपर्यंत ती दारातच उभी राहिली, चौकटीला हात लावून, आणि कप रिकामा होताच तो घ्यायला तिनं हात पुढं केला.